मंगळवार-शुक्रवार वृद्धी

गच्चीवर तार बांधायची तर सोसायटीकडे अर्ज करावा लागतो, याबद्दल ग्रॅमसाहेबांची काडीचीही तक्रार नव्हती. अर्ज, नमुना, नोंद आणि शिक्का या चार खांबांवर जग उभं आहे, असं ते मानत. तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षकाची नोकरी करत आले होते. किलोभर साखरेत पाच ग्रॅम कमी भरले म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला काटा जप्त केला होता, आणि तेव्हापासून सगळी इमारत त्यांना ग्रॅमसाहेब म्हणू लागली. मेव्हणा मात्र त्यांना काहीच म्हणत नसे. तो फक्त बहिणीशी बोलायचा.

तक्रार होती ती नमुन्याबद्दल. सोसायटीच्या छापील अर्जात ‘गच्चीचा वापर’ या सदराखाली तीनच चौकोन होते: पाण्याची टाकी, टीव्हीची छत्री आणि कपडे वाळवण्याची तार. ग्रॅमसाहेबांना बांधायची होती रेडिओची तार. दोन वर्षांपूर्वी रीतसर परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना मिळवला होता. या परवान्यावर माणसं जगभरच्या अनोळखी लोकांशी तासन्‌तास गप्पा मारतात. ग्रॅमसाहेबांना गप्पांची हौस नव्हती. ते कुठेही गेले की आधीच्या गप्पा बंद पडत आणि कोणीतरी काट्याखालचं काहीतरी हळूच काढून खिशात टाकी, त्यामुळे ती सवय लागलीच नव्हती. त्यांना मोजायचं होतं. आपल्या गच्चीवरून सोडलेली लहर वर आकाशातल्या आयनांबराच्या थरापर्यंत जाते, तिथून परतते आणि कुठे तरी दूर देशी उतरते. ती कधी, कुठे आणि किती जोराने उतरते, याची त्यांना वहीत नोंद हवी होती.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे शाळेतले निवृत्त पीटीचे सर. सर निवृत्त झाले होते, गळ्यातली शिट्टी झाली नव्हती.

“तार आहे ना?” त्यांनी विचारलं.

“तार आहे, पण तो ॲन्टेना आहे.”

“मग तारेच्या चौकोनात खूण करा.”

“तो चौकोन कपड्यांचा आहे.”

“मग चौथा चौकोन सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. या वर्षीची सभा गेल्या आठवड्यात झाली.”

ग्रॅमसाहेबांनी अकरा पानांचं निवेदन दिलं, आकृत्यांसकट. ते चार दिवसांनी परत आलं. वर लाल शाईत शेरा होता: ‘नमुन्यात बसत नाही. शुभेच्छा.’ मग पंधरा दिवस त्यांनी मनाशी झगडून पाहिलं आणि शेवटी, आयुष्यात पहिल्यांदाच, चुकीच्या चौकोनात बरोबरची खूण केली. कपडे कोणाचे हे आपण कुठे लिहिलंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. परवानगी दहा मिनिटांत मिळाली.

एव्हाना बातमी इमारतभर झाली होती आणि सल्ले सुरू झाले होते. तळमजल्यावरच्या विमा एजंटांनी जिन्यात गाठून सांगितलं की तार म्हटली की वीज पडणारच, आणि वीज म्हटली की त्यांच्याकडे एक चांगली योजना आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजींना जाणून घ्यायचं होतं की या लहरींनी गुडघा बरा होतो की बिघडतो. बरा होत असला तर तार जरा त्यांच्या खिडकीवरून घ्यावी. काहीच होत नाही, असं ग्रॅमसाहेबांनी सांगितल्यावर आजींना राग आला. काहीच होत नाही तर मग एवढा खटाटोप कशाला, असं त्या म्हणाल्या.

तारेची लांबी मात्र हा त्यांच्या अधिकारातला विषय होता. ज्या लहरीवर काम करायचं तिच्या हिशेबाने लांबी ठरते: दहा मीटर आठ सेंटीमीटर. खात्याची शिक्कामोर्तब केलेली पोलादी टेप त्यांनी दिवाणखान्यात पसरली. एक टोक बायकोच्या हातात दिलं.

“किती वेळ धरू?” बायकोने विचारलं.

“माप होईपर्यंत.”

“तुमचं माप व्हायची वाट मी लग्नापासून बघतेय.”

तार मिलिमीटरपर्यंत बरोबर कापली गेली. बरोबर मध्यावर तिचे दोन तुकडे केले, मध्ये आणि दोन्ही टोकांना चिनी मातीचे गुटके ओवले, त्यांना तार पक्क्या गाठींनी बांधली आणि मधल्या जोडातून एक केबल खिडकीवाटे खोलीत घेतली. हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की तार बांधून झाल्यावर मीटर लावून ती लहरीशी बरोबर जुळली आहे का ते तपासावं. ग्रॅमसाहेबांनी ते वाक्य वाचलं आणि पान उलटलं. मीटर लावायचं ते मापाची खात्री नसली तर, आणि माप कोणी घेतलं होतं? तीस वर्षं शहराचे काटे तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं माप तपासून घेणं हा खात्याचाही अपमान झाला असता.

खोलीत टेबलावर साबणाच्या वडीएवढी एक डबी होती. दर दहा मिनिटांनी ती आपलं नाव-गाव सांगणारा एक बारीकसा संदेश आपोआप सोडायची. ताकद इतकी कमी की त्यात टॉर्चचा दिवादेखील नीट पेटला नसता. जगभरचे हौशी लोक असे संदेश आपल्या यंत्रांवर टिपतात आणि इंटरनेटवर टाकतात, म्हणजे आपल्याला घरबसल्या कळतं की आपण कुठे ऐकू आलो. पहिल्या दिवशी पडद्यावर तीन ओळी उमटल्या. तीन जणांनी ग्रॅमसाहेबांना ऐकलं होतं. त्यातला एक सात हजार चारशे किलोमीटरवर होता. ग्रॅमसाहेबांनी चष्मा पुसला आणि उगाचच दोनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी खालच्या फळ्यावर सूचना लागली: ‘सभासदांच्या सोयीसाठी गच्चीवर कपडे वाळवण्याची नवीन तार बसवण्यात आली आहे. सर्वांनी लाभ घ्यावा. सौजन्य: ग्रॅमसाहेब.’ आणि लाभ घ्यायला सगळ्यात आधी कोण गेलं असेल, तर तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी.

मावशी एका दवाखान्याच्या चादरी धुऊन देत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, त्यांच्या दोन बादल्या गच्चीवर चढत आणि चोवीस चादरी वाळत पडत. सोसायटीची जुनी दोरी लोंबून जमिनीला टेकली होती. नवी कोरी, ताठ, वेष्टनाची तार बघून मावशींना भरून आलं. त्या मुद्दाम दोन जिने उतरून ग्रॅमसाहेबांचे आभार मानायला आल्या.

“साहेब, तार कशी एकदम सरळ बांधलीत! चिमटे घसरत नाहीत बघा.”

ग्रॅमसाहेबांनी तोंड उघडलं. ती तार कपड्यांची नाही, असं म्हटलं तर अर्जातली खूण खोटी, आणि अर्ज खोटा म्हणजे गुन्हा त्यांचाच.

“वापरा,” ते म्हणाले. बायको स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोराने घासत होती. ती हसली की तसंच करायची.

मग सुरू झाला निरीक्षणांचा काळ. डबी दिवसभर आपलं काम करायची, ग्रॅमसाहेब ऑफिसातून आले की चौकटीच्या कागदावर आलेख काढायचे. दोन महिन्यांत जेवणाच्या टेबलामागची भिंत आलेखांनी भरली, आणि त्या भिंतीवर एक गोष्ट लख्ख दिसू लागली. रोज दुपारी ऐकणारे तीन, फार तर चार. मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वाजले की तेच होत अठरा, एकोणीस, एकदा तर बावीस. पाचनंतर पुन्हा तीन. पुस्तकं पालथी घातली, कोणाही शास्त्रज्ञाने असं काही नोंदलेलं नव्हतं. लहर वरून किती परतेल हे सूर्यावर ठरतं, पण सूर्याला आठवड्याचे वार कळतात, असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

“मंगळवार आणि शुक्रवार?” बायको म्हणाली. “मावशींच्या चादरींचे वार ते.”

“ते मलाही माहीत आहे,” ग्रॅमसाहेब जरा कडकच बोलले. “तारेवर ओल्या चादरी म्हणजे अडथळा. अडथळा असूनही जोर सहा पटींनी वाढतो, हेच तर आश्चर्य! चादरी नसत्या तर किती वाढला असता याची कल्पना कर.”

बायकोने कल्पना केली की नाही कोण जाणे, पण भांडी घासायला घेतली.

ग्रॅमसाहेबांनी निबंध लिहिला. नाव दिलं: ‘मंगळवार-शुक्रवार वृद्धी: एक नवे निरीक्षण.’ आत एक वाक्य होतं, ‘प्रतिकूल परिस्थितीत, अर्थात तारेवर चोवीस ओल्या चादरी असतानाही’, आणि त्या वाक्याचा त्यांना विशेष अभिमान होता. निबंध त्यांनी हौशी मंडळाच्या अध्यक्षांना पाठवला. अध्यक्ष म्हणजे कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचं आठवड्यात उत्तर आलं: निबंध वार्षिक मेळाव्यात वाचावा, पत्रिकेत नाव छापायला देत आहे, त्याआधी एका शुक्रवारी ही वृद्धी प्रत्यक्ष पाहायला येतो.

ते पत्र ग्रॅमसाहेबांनी चार वेळा वाचलं. तीस वर्षांत त्यांना पत्रं पुष्कळ आली होती. खुलासे, विनंत्या, दोन निनावी धमक्या. अमुक ठिकाणी या आणि चाळीस माणसांसमोर बोला, असं एकही नव्हतं. आपण काही सांगावं आणि लोकांनी ते आपणहून ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती इतकी जुनी होती की आपल्याला ती आहे हेही ते विसरून गेले होते. त्या दिवसापासून ते आंघोळ करताना निबंध मोठ्याने म्हणू लागले.

शुक्रवार आला. ग्रॅमसाहेबांनी अर्धी रजा टाकली आणि आदल्या संध्याकाळीच मावशींना सांगून आले की उद्या चार वाजेपर्यंत चादरी वर आणू नका. शुद्ध प्रयोग व्हायला हवा होता. अडथळा दूर, वृद्धी प्रचंड.

“ओल्या ठेवल्या की कुबट वास मारतो, साहेब,” मावशी म्हणाल्या. “दवाखान्यातली नर्स नाकाला लावून बघते.”

“फक्त एक तास, मावशी. विज्ञानासाठी.”

सेक्रेटरींनी शिट्टीसह जिन्याच्या तोंडाशी पहारा द्यायचं कबूल केलं. प्राध्यापक अडीचला आले. बारीक अंगाचे, मऊ बोलणारे, खांद्याला एक झोळी. गच्चीवर टाकीच्या सावलीत टेबल मांडलं होतं, त्यावर लॅपटॉप, शेजारी वही, टोक काढलेल्या तीन पेन्सिली. बायकोने चहा आणला आणि ती जायची सोडून कठड्याला टेकून उभी राहिली.

दोन पन्नास. ऐकणारे तीन.

“अजून वेळ आहे,” ग्रॅमसाहेब म्हणाले.

तीन वाजता दोन. तीन दहाला पुन्हा दोन, आणि त्यातला एक इतका जवळचा की गच्चीवरून हाक मारली असती तरी त्याने ऐकलं असतं. ग्रॅमसाहेबांच्या मानेवरून घाम निघाला आणि सरळ पाठीत उतरला. आज सूर्याची तब्येत बरी नसावी, असं काहीतरी ते बोलले. प्राध्यापकांनी समजूतदारपणे मान हलवली, आणि त्या समजूतदारपणाने त्यांना जास्तच लागलं. टिंगल केली असती तर निदान उलटून बोलता आलं असतं.

तेवढ्यात जिन्यात शिट्टी वाजली. मग दुसऱ्यांदा वाजली. मग मावशींचा आवाज आला, “वाजवा, वाजवा, मी काय तुमच्या शाळेत आहे?” आणि दोन बादल्यांसह मावशी गच्चीत अवतरल्या. त्यांच्या मागून सेक्रेटरी, हरलेल्या संघाच्या चेहऱ्याने.

“माफ करा साहेब,” मावशी चादर झटकत म्हणाल्या. “दवाखान्यातून माणूस पाचला येतो. तुमचं विज्ञान उद्याही चालेल.”

बघता बघता चोवीस चादरी तारेवर चढल्या. तार जरा वाकली. तीन तीसला डबीने संदेश सोडला आणि पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. पाच. नऊ. चौदा. सतरा.

“आली!” ग्रॅमसाहेब ओरडले. “वृद्धी आली!”

प्राध्यापक पडद्याकडे बघत नव्हते. ते चादरींकडे बघत होते.

“मावशी,” ते म्हणाले, “जरा काढता का त्या? आम्ही सगळे मदत करतो.”

चादरी उतरल्या. सेक्रेटरींच्या हातात सहा, बायकोच्या हातात सहा, बाकीच्या बादलीत. तीन चाळीस: दोन. चादरी पुन्हा चढल्या. तीन पन्नास: अठरा. मावशींनी विचारलं की दवाखान्याला उशिराचं कारण कोण सांगणार, पण कोणाचं लक्ष नव्हतं. ग्रॅमसाहेब खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या हातातली पेन्सिल हळूहळू खाली चालली होती.

प्राध्यापकांनी झोळीतून एक छोटं मीटर काढलं. “तार बांधल्यावर हे लावून पाहिलं होतंत?”

“गरज नव्हती. माप माझं होतं.”

मीटर लावलं. सुई भलतीकडेच गेली. “तार आखूड आहे,” प्राध्यापक मऊ आवाजात म्हणाले. “ओल्या कपड्याने ती विजेच्या दृष्टीने जरा लांब झाल्यासारखी वागते. चादरी तुमची उणीव भरून काढत होत्या.”

आखूड! ग्रॅमसाहेब ताडकन उठले. बाकी काहीही बोला, हे ऐकून घेणार नाही, असा त्यांचा चेहरा होता. त्यांनी खिशातून पोलादी टेप काढली. “दहा मीटर आठ सेंटीमीटर. मी स्वतः मोजून कापली आहे. हिने टोक धरलं होतं. विचारा तिला.”

“धरलं होतं,” बायको म्हणाली.

“कापली असेल हो बरोबर,” मावशी चिमटा लावता लावता म्हणाल्या. “पण साहेब, गाठीला किती धरली होती?”

“म्हणजे?”

“अहो, दोरी बांधायची तर प्रत्येक गाठीला वीतभर जास्त घ्यावी लागते. गाठ खाते ना ती.”

ग्रॅमसाहेबांनी टेप लावली. या गुटक्यापासून त्या गुटक्यापर्यंत, मध्ये थांबून, पुन्हा. मग पुन्हा एकदा, कारण खात्याच्या नियमाप्रमाणे माप तीनदा घ्यावं लागतं. चार गाठींनी मिळून एकोणचाळीस सेंटीमीटर तार खाल्ली होती. मीटरमागे जवळपास चार सेंटीमीटरची तूट! एखाद्या कापडवाल्याने एवढी केली असती तर ग्रॅमसाहेबांनी त्याची पट्टी गुडघ्यावर मोडली असती.

“निबंध मागे घेतो,” ते म्हणाले.

“पत्रिका छापून झाली,” प्राध्यापक म्हणाले. “पण नाही आलात तरी चालेल. तब्येत बरी नाही म्हणून सांगेन मी.”

ग्रॅमसाहेबांनी क्षणभर विचार केला. तब्येतीचं कारण त्यांनी तीस वर्षांत शेकडो दुकानदारांकडून ऐकलं होतं आणि एकालाही त्यावर सोडलं नव्हतं. ते खाली गेले, आणि ऑफिसच्या पिशवीतून पंचनाम्याचा कोरा फॉर्म घेऊन वर आले. टेबलावर बसून त्यांनी तो भरला, नेहमीच्या सुबक अक्षरात. कसूरदाराचं नाव या जागी स्वतःचं. मापात आढळलेली तूट: एकोणचाळीस सेंटीमीटर. तुटीचं कारण: गाठी. कसूरदाराचं म्हणणं या जागी त्यांनी लिहिलं, ‘काही नाही.’ पंच म्हणून सेक्रेटरींनी सही केली आणि त्यांच्याखाली मावशींनी. पंचांना चौकशीच्या दिवशी हजर राहावं लागतं, असं ग्रॅमसाहेबांनी दोघांनाही बजावलं, आणि हे ते थट्टेने म्हणत नव्हते.

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. चाळीसेक हौशी मंडळी वह्या घेऊन बसली होती. शेवटच्या रांगेत बायको आणि तिच्या शेजारी मावशी, इस्त्रीच्या साडीत, मांडीवर पिशवी घट्ट धरून. सेक्रेटरींनी शाळा बघताच मैदानाची पाहणी सुरू केली होती, त्यामुळे एक पंच गैरहजर होता. ग्रॅमसाहेब व्यासपीठावर चढले. उद्यापासून आपल्याला लोक ग्रॅमसाहेबऐवजी काय म्हणतील, याची त्यांनी मनातल्या मनात यादीसुद्धा करून ठेवली होती.

त्यांनी निबंध वाचला नाही. आधी दोन महिन्यांचे आकडे वाचले, मग शुक्रवारचे सगळे आकडे दहा-दहा मिनिटांनी, आणि मग पंचनामा, पहिल्या शब्दापासून सह्यांपर्यंत. अर्जातली खोटी खूणही सांगून टाकली, कारण ती लपवली असती तर पंचनामा अपुरा राहिला असता. शेवटी कागद दुमडला आणि खाली मान घालून हसण्याची वाट बघत उभे राहिले.

कोणी हसलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका जाड चष्मेवाल्याने हात वर केला. ग्रॅमसाहेबांना वाटलं, आता सुरुवात.

“चादरी सुती होत्या की टेरिकॉटच्या?” त्याने विचारलं.

ग्रॅमसाहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो माणूस पेन उघडून बसला होता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्याच्या शेजारचा, त्याच्या मागचा, सगळेच आपापल्या वहीवर पेन टेकवून ग्रॅमसाहेब काय सांगतात याकडे कान लावून बसले होते.

“क्षमा असावी,” ते कसेबसे म्हणाले. “त्याची नोंद... माझ्याकडे नाही.”

“सुती!” शेवटच्या रांगेतून खणखणीत आवाज आला. मावशी उभ्या राहिल्या होत्या. “पक्क्या सुती. आणि दोनदा पिळलेल्या.”

सभागृहातली चाळीस डोकी मागे वळली, मग खाली वाकली, आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं.